अकरा अंडी आणि आबाकाका

आमचे आबाकाका कोंबडीच्या पोटाला गाल लावून बघतात.

कोंबडी खुडूक झाली का, हे बघायला बाकीची माणसं तिच्या पोटाखाली हात घालतात. खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून अंड्यांवर बसून राहायचं वेड लागलेली कोंबडी. तिचं पोट तापलेलं असतं आणि ते हाताला लगेच कळतं. आबाकाकांच्या हाताला कळत नाही. बत्तीस वर्षं फौंड्रीत भट्टीपुढं काढल्यानं त्यांचे तळहात चपलेच्या तळासारखे झालेत. उकळत्या चहाचा पेला ते मुठीत धरून निवांत गप्पा मारतात. बघणाऱ्याच्याच हाताला फोड येईल असं वाटतं. तर ते गुडघे टेकतात, टोपी काढतात, डोळे मिटतात आणि कोंबडीच्या पोटाशी गाल नेतात. कोंबडी अर्थातच चोच मारते. त्यांचा डावा कान बारा महिने सोललेला असतो, तो त्यामुळं.

मग ते उठून निकाल देतात. "भट्टी लागली." किंवा, "भट्टी गार हाय. ढोंग करतीया."

उचगावात त्यांना या कामासाठी घरोघर बोलावतात. खुडुकीची लक्षणं ते दवाखान्यातल्या डॉक्टरासारखी सांगतात. "पिसं फुलवून बसती. जवळ गेलं की खुर्रर्र करती. दाणं टाकलं तरी उठत न्हाय. दिवसातनं एकदा उठती, आन् तवा शेणाच्या पोवागत हगती. ह्येच्यात एक जरी कमी असंल तर ती खुडूक न्हवं, आळशी." शेवटचं वाक्य म्हणताना ते नेहमी माझ्याकडं बघतात.

आता खरी गोष्ट सांगायची तर आबाकाका माझे सख्खे थोरले चुलते, आणि बावीस वर्षं ते आमच्या फुलेवाडीच्या घरात आले नव्हते.

माझे वडील, आण्णा, त्याच फौंड्रीत साचे भरायला होते. आबाकाका सुपरवायझर. एकदा कामगारांनी गेटसमोर ठिय्या मारला. दिवसांमागून दिवस गेले, कुणी उठेना. तेव्हा मालकांनी आबाकाकांना पुढं केलं. आबाकाका एकेकाच्या शेजारी जाऊन बसायचे, तंबाखू मळायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि माणूस उठायचा. आण्णा सगळ्यात शेवटी उठले. आबाकाकांनी त्यांना शब्द दिला होता, "तू ऊठ. परत घ्यायच्या यादीत तुझं नाव मी घालतो." यादी लागली. आण्णांचं नाव नव्हतं. आबाकाकांनी घातलं नाही, की घातलेलं वरच्या कुणी खोडलं, हे आम्हाला आजवर माहीत नाही, कारण विचारायला कुणी गेलं नाही. आण्णा एका मंगल कार्यालयावर रखवालदार झाले. दुसऱ्यांच्या लग्नांत गेट उघडायचे नि लावायचे. आठ वर्षांपूर्वी गेले. आबाकाका घाटावर आले होते. पार लांब, गाड्या लावतात तिथं उभे राहिले आणि तिथूनच परत गेले.

आण्णा भावाच्या शब्दावर उठले, असं आमच्या घरात बावीस वर्षं म्हटलं जातं. आदल्या दिवशी मीही गेटवर जाऊन "आण्णा, पुरं झालं, उठा आता" म्हणालो होतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि सासरवाडीला सांगायला लाज वाटत होती. ते मात्र कुणी म्हणत नाही. मी तर मुळीच म्हणत नाही.

तर कोंबड्या. लॉकडाऊनमध्ये आईनं परसात चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. कोंबडा पहाटे चारला ओरडायचा आणि शेजारचे जोशीसर साडेचारला. शेवटी एका रविवारी कोंबड्याचा तांबडा रस्सा झाला. पहिली वाटी जोशीसरांकडं गेली. उरलेल्या चौघींत एक काळी कोंबडी होती. मान ताठ, चाल सावकाश, बाकीच्यांच्या पुढ्यातले दाणे हक्कानं उचलायची. आई तिला सरपंचीण म्हणते.

यंदा उन्हाळ्यात सरपंचीणबाई खुराड्याच्या कोपऱ्यात बसल्या त्या उठेचनात. खाली अंडंही नव्हतं. तिला हलवायला गेलं की खुर्रर्र. बाकीच्या तिघींनी तिच्या भीतीनं अंडी घालायचं बंद केलं. मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक हसतमुख गृहस्थ खुडूक कोंबडीला गार पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत बुडवत होते आणि कोंबडी समाधानानं बघत होती. मी तेच केलं. पाच मिनिटांनी बादली आडवी होती, मी उभा भिजलो होतो, मनगटावर तीन ओरखडे होते आणि सरपंचीणबाई पुन्हा कोपऱ्यात. बायको दारातनं म्हणाली, "खुडूक कुणाची मोडली म्हणायची?"

आईनं ते सगळं बघितलं. मग भाकरी थापता थापता, तव्याकडं बघत म्हणाली, "त्या उचगावच्यांना बोलीव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"तुझ्या चुलत्याला. कोंबडीसाठी. घरात न्यायचं न्हाय. बोळातनं परसात आणायचं, तसंच बोळातनं लावून द्यायचं."

आबाकाका दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोपेडवरनं हजर. धुतलेला शर्ट, इस्त्रीची टोपी. एवढ्या पोशाखात मी त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. बोळातनं आले, आईकडं न बघता हात जोडले, आणि खुराड्यापुढं गुडघे टेकून गाल लावला. चोच बसली.

"भट्टी लागली," ते म्हणाले. "अस्सल."

आई मागच्या दाराच्या आत उभी होती. दोघांत फार तर सहा फूट. ती मला म्हणाली, "संज्या, विचार त्यांना, मोडता येती का."

आबाकाका मला म्हणाले, "संज्या, सांग शालनला, मोडायच्या तऱ्हा लई हायत. बादलीत बुडवायची. तारंच्या पिंजऱ्यात टांगायची, खालनं वारं लागलं की पोट गार पडतं. डालग्याखाली दोन दिवस अंधारात डालायची. न्हायतर तिचंच पीस तिच्या नाकातनं घालायचं, सारखी डोकं झटकत फिरती, बसायचं विसरती."

"मग करा म्हणावं ह्यातलं एक."

आबाकाकांनी टोपी घातली. काढली. पुन्हा घातली. "न्हाय. हिला बसवू. एवढ्या हिमतीनं बसलीया, खाली कायतरी असाय पाहिजे. तुमच्यात कोंबडा न्हाय, तुमची अंडी चालायची न्हाईत. मी माझ्यातली आणतो. अकरा. सांग शालनला, नऊ पिल्लं तरी काढून देतो. शब्द हाय माझा."

शब्द म्हटल्यावर आत पातेल्यावर पातेलं जरा जोरात आपटलं. पण नको, असं काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी अकरा अंडी आली. गावरान, बदामी रंगाची, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून सुपारीच्या पिशवीत, पिशवी मोपेडच्या हँडलला नाही तर गळ्यात. उचगावातनं सगळं कोल्हापूर ओलांडून हा माणूस गळ्यात अंडी घालून वीसच्या स्पीडनं आला होता. टोपलीत राख, राखेवर पेंढा, कोपऱ्यात एक लोखंडी खिळा. गडगडाट झाला तर अंडी नासू नयेत म्हणून. सरपंचीणबाईंनी एकेक अंडं चोचीनं आत ओढलं आणि पोटाखाली घेतलं. आबाकाका म्हणाले, "एकवीस दिवस. मी बघून जात जाईन रोज. आन् ध्यानात ठेवा, एकविसाव्याला न्हाय फुटली तर बाविसाव्याला उठवायची. कोंबडी मरती, पण आपणहून उठत न्हाय."

रोज सकाळी सातला मोपेड वाजायला लागली. कोंबडीला उचलून खाली ठेवायचं, दाणे, पाणी, वीस मिनिटांत परत टोपलीत, एवढंच काम. ते मलाही जमलं असतं. जमत नाही असं मी सांगितलं, आणि त्यावर घरात सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला.

पहिले दोन दिवस आबाकाका उभेच होते. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "तो दगड पुसून ठेव तिथं. म्हातारं माणूस पडलं तर आपल्याच नावानं बोंब." ते दगडावर बसायला लागले. पाचव्या दिवशी चहा आला. माझ्या हातनं, पण साखर घालायच्या आधी आईनं विचारलं होतं, "शुगर हाय का म्हणावं त्यांना."

"न्हाय म्हणावं," आबाकाका मला म्हणाले. "दोन चमचं चालत्यात."

"दात हायत तवर म्हणावं," आई म्हणाली.

मध्ये मी उभा. टपालखात्यात असतो तर पेन्शन तरी लागली असती.

सातव्या दिवशी अंडी टॉर्चवर धरून बघायची असतात. अंडं भरलं असेल तर आत लाल शिरा आणि काळा ठिपका दिसतो. मोकळं असेल तर नुसता उजेड. त्याला अंधार लागतो, म्हणून आबाकाका, मी आणि अकरा अंडी न्हाणीत शिरलो आणि दार लावलं. पहिलं अंडं त्यांनी टॉर्चवर धरलं आणि बराच वेळ फिरवत राहिले. दुसरं. तिसरं. मला सगळी सारखीच दिसली, पिवळट. पुढची त्यांनी भराभर बघितली.

"भरल्यात," ते म्हणाले. "सगळी?" मी विचारलं. "सगळी भरल्यात. सांग जा शालनला." मी बाहेर आलो. ते आत राहिले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसले.

आईला सांगितलं. नवव्या दिवशी चहाबरोबर पोहे गेले. बाराव्या दिवशी तिनं विचारलं, "गुडघ्याला काय लावतात विचार." आणि पंधराव्या दिवशी, मला वाटतं पंधराव्याच, ती मला म्हणाली, "माळ्यावरनं ती घडीची खुर्ची काढ."

ती आण्णांची खुर्ची. मंगल कार्यालयाच्या गेटवर ते हिच्यावर बसायचे. ते गेल्यावर कुणी उघडली नव्हती. मी परसात नेऊन ठेवली. आबाकाकांनी तिच्याकडं बघितलं, टोपी काढून बैठकीवर ठेवली, आणि स्वतः दगडावरच बसले. पुढचे सहा दिवस असंच. खुर्चीवर टोपी, दगडावर माणूस. आई दारातनं बघायची आणि आत जायची.

एकविसाव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आज फुटणार. संध्याकाळी मी एकटा बघतो. तुम्ही कुणी यायचं न्हाय. फुटताना माणसाची सावली नको." संध्याकाळी आले तेव्हा हातात झाकलेली पिशवी होती. मी मॅच बघत होतो. पिशवी चिवचिवत होती हे मला आता आठवतं. तेव्हा विकेट पडली होती.

सकाळी आईच्या हाकेनं उठलो. सरपंचीणबाईंच्या पंखांतनं नऊ पिवळी डोकी बाहेर आलेली. नऊ. शब्दाप्रमाणं. आई खुराड्यापुढं बसून हसत होती. तोंडाला पदर न लावता, दात दिसतील असं. आण्णांचं नाव यादीत नव्हतं त्या दिवसानंतर ती अशी हसलेली मला आठवत नाही.

मग टोपली साफ करायला तिनं टरफलं उचलली. एक तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, आणि हसू तिथंच थांबलं.

टरफलं पांढरीशुभ्र होती.

तेवढ्यात बोळात मोपेड वाजली. आबाकाका आत आले, इस्त्रीची टोपी, दोन्ही हातांत मिठाईचा पुडा. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. संज्या म्हटलं नाही.

"भावजी," ती म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही ठेवलेली अंडी बदामी हुती."

"व्हय."

"ही पांढरी हायत."

आबाकाकांनी टरफल डोळ्यांजवळ नेलं. "सांजच्याला रंग कळत न्हाय गं मला," ते म्हणाले. "भट्टीनं डोळं खाल्लं."

"कुठली ही?"

"आम्लेटच्या गाड्यावरची."

"आन् पिल्लं?"

"बाजारातनं. बिनरंगाची दे म्हटलं हुतं त्याला."

त्याच क्षणी एका पिल्लानं पंख ताणला. पंखाखाली पोपटी हिरवा रंग. बाजारात मुलांना भुलवायला रंगवतात तसला, घाईत धुतलेला. मला हसू फुटलं. आईनं माझ्याकडं बघितलं.

"आमची अंडी कुठं गेली?"

"पुरली. मोकळी हुती, अकराच्या अकरा. माझा कोंबडा म्हातारा झालाय."

"कवा कळलं?"

आबाकाका न्हाणीकडं बघत म्हणाले, "सातव्या दिवशी."

"चौदा दिवस ती मुकी जात फुकट बसली. हाडं लागाय लागल्यात तिची हाताला. आन् तुम्ही रोज सकाळी हितं बसून चहा पीत हुता."

"नऊ देतो म्हटलं हुतं," ते म्हणाले. "शब्द दिल्ता."

"त्या टायमालाबी दिल्ता," आई म्हणाली.

आबाकाकांनी मिठाईचा पुडा दगडावर ठेवला आणि बोळातनं गेले. मोपेड बराच वेळ चालू होईना. किक मारल्याचा आवाज येत होता. मी जाऊन ढकलायला हवी होती. गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, काही वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पिल्लं सरपंचीणबाईंच्या मागनं रांगेत फिरत होती. बाजारातली का कुठली, तिनं विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "न्हाणीत त्यांचा टॉर्च ऱ्हायलाय. देऊन ये." मग, "थांबू नको तिथं," असंही म्हणाली.

आबाकाकांचं घर मी बावीस वर्षांनी बघितलं. काकू जाऊन पाच वर्षं झालीत, मुलगी कबनूरला दिली आहे. एक खोली, एक लोखंडी कॉट, आणि खाली जमिनीवर पसरलेली सतरंजी. कॉटवर, उशीच्या जागी, एक तांबडी कोंबडी पिसं फुलवून बसली होती. मी जवळ जाताच खुर्रर्र.

"काका, ही खुडूक आहे."

"व्हय."

"आणि तुम्ही खाली झोपता?"

"मग? तिला कुठं खाली झोपवू?"

"कधीपासून बसलीये?"

"तुमच्याकडं यायला लागायच्या आधीपासनं." त्यांनी तिच्यापुढं वाटीतलं पाणी धरलं. तिनं दोन चोची घेतल्या. हेही ते रोज करत असणार. तिथलं करून आमच्याकडं यायचे.

"खाली काय आहे?"

"काय न्हाय. गोटा हाय एक."

"अहो, मग मोडा की हिची. बादली, पिंजरा, पीस, सगळं तुम्हाला येतं. उपाशी मरेल ती."

"येतं की," आबाकाका म्हणाले. "तुलाबी येतंय न्हवं? मनगटावर खुणा हायत तुझ्या. मोड तू."

मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

ते कॉटच्या कडेला टेकले, कोंबडीला धक्का लागणार नाही असे. "पन्नास माणसं उठवली रं मी," ते म्हणाले. "येकाला चहा पाजून, येकाला तंबाखू देऊन. लई सोपं असतंय. शेजारी बसायचं नुसतं." थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या बापानं विचारलं हुतं, दादा, उठू न्हवं? म्हटलं ऊठ." मग टॉर्च घेतला, एकदा लावून बघितला, बंद केला. "आता न्हाय उठवत मी कुणाला."

आण्णा उठायच्या आदल्या दिवशी मीही त्यांना तेच म्हणालो होतो, हे त्यांना सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं. मी म्हटलं, "येतो मी."

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी आपणहून सांगितलं. कॉट, कोंबडी, गोटा, सतरंजी. बाकीचं नाही सांगितलं. पण गोट्यापाशी तिचा हात सुपात थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हं उतरताना तिनं भाकरीची बुट्टी घेतली, तळाला आण्णांचा जुना पंचा घातला, आणि चार पिल्लं उचलून आत ठेवली. त्यांत हिरव्या पंखाचं होतं. वरनं फडकं बांधलं.

"दिवस मावळता मावळता पोटाखाली सरकवायची म्हणावं. आज मावळतीलाच. अजून लहान हायत तवर घेती ती." बुट्टी माझ्या हातात दिली. सोडली नाही. "आन् म्हणावं, टरफलं ठेवू नका."

"अजून काही सांगू?"

"न्हाय."

मी सगळं कोल्हापूर ओलांडून वीसच्या स्पीडनं गेलो. बुट्टी गळ्यात अडकवता येत नाही, म्हणून गुडघ्यांत धरून. आबाकाकांनी फडकं सोडलं, पंचा ओळखला, बोटांनी चाचपला, पण त्या हातांना काय कळणार. मग गालाला लावला. मावळतीला कॉटपाशी गुडघे टेकून त्यांनी चारी पिल्लं एकेक करून सरकवली. कोंबडी फुगली, खुर्रर्र केलं, आणि मग हळूहळू पंख पसरले.

"शालन अजून काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"टरफलं ठेवू नका म्हणाली."

"आन्?"

"अजून काही नाही."

त्यांनी मान हलवली. टोपी काढली, डोळे मिटले आणि पिल्लांना ऊब लागते का बघायला कोंबडीच्या पोटाशी गाल नेला. तिनं कानावर चोच मारली. मग आणखी एक.

त्यांनी कान बाजूला घेतला नाही.